पार्किंग लाईटचा फ्यूज सारखा उडतोय? घरच्या घरी शॉर्ट कसा शोधायचा

गाडीचा एकच फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष फ्यूजचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही दुकानातून फ्यूजची पुडी आणायची आणि एकामागून एक जाळत बसायचं, हे होतंच. त्यातून हाती काय लागतं? शॉर्ट, म्हणजे करंट दिव्यात न जाता मधेच बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला मिळतोय ती जागा, अजून आहे, एवढंच. तो कुठे आहे याबद्दल जळलेला फ्यूज अवाक्षर काढत नाही, कारण पापणी लवायच्या आत तो गेलेला असतो. म्हणून फ्यूजच्या जागी न उडणारं काहीतरी बसवायचं, शॉर्ट 'चालू' ठेवायचा आणि मग सर्किटचा एकेक भाग तोडत जायचं. त्यासाठी इंडिकेटरचा साधा बल्ब पुरतो.

उदाहरणाला पार्किंग लाईटचं सर्किट घेतो. पुढचे छोटे दिवे, मागचे लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड हे सगळं एकदम गेलं की समजायचं हाच फ्यूज. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. हॉर्न, वायपर, रिव्हर्स लाईट, चार्जिंगचा सॉकेट यांनाही हीच पद्धत चालते.

कधी उडतो, ते आधी बघा

निम्मं उत्तर इथेच मिळतं आणि त्यासाठी एक स्क्रूही काढावा लागत नाही. किल्ली बाहेर, सगळे स्विच बंद, अशा अवस्थेत नवा फ्यूज बसवताक्षणी उडाला तर शॉर्ट स्विचच्या अलीकडे आहे. मागचे दिवे खोलत बसायची गरजच नाही. स्विच फिरवल्यावर उडाला तर तो स्विचच्या पलीकडे. रिव्हर्स टाकल्यावरच उडत असेल तर रिव्हर्सचा दिवा आणि कोणी नंतर बसवलेला कॅमेरा, या दोघांवर संशय. गतिरोधकावर, खड्ड्यात किंवा दार आपटल्यावर उडत असेल तर कुठेतरी हलणारी वायर सोलली गेली आहे. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर उडत असेल तर दिव्याचे होल्डर आणि फ्यूजबॉक्स बघायचे. नुसत्या पावसाच्या पाण्यातून दहा अँपिअर सहसा जात नाहीत. पण पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं की पितळी पत्त्यांवर हिरवा थर चढतो, पत्त्या कुजतात, वाकतात आणि एकमेकींना टेकतात.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून बघा. आतली पट्टी उडून प्लास्टिकवर काळा धूर बसला असेल तर सरळ शॉर्ट. पट्टी मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल तर बहुधा जास्तीचा लोड: जाम झालेली वायपरची मोटर किंवा त्याच फ्यूजवर कोणीतरी चढवलेले फॉग लॅम्प. वेळेवरूनही हे कळतं. दहाच्या फ्यूजमधून साडेतेरा अँपिअर गेले तर तो दहा मिनिटंसुद्धा तग धरू शकतो; वीस गेले तर पाच सेकंदांच्या आत जातो; शॉर्ट झाला तर दिसतही नाही.

आणखी एक प्रकार शॉर्टच्या नावावर खपतो. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मंद लागतात, इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर उघडझाप करतो, आणि फ्यूज मात्र शाबूत असतो. हा शॉर्ट नव्हे. त्या दिव्याची अर्थची वायर (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) तुटलेली असते, त्यामुळे करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढून परत जातो. टेल लॅम्पची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने आवळलेली असते ती जागा घासून स्वच्छ करा, बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब दाबून बसवला असेल तरी असाच गोंधळ होतो. बल्ब काढून बुडाशी एक ठिपका आहे की दोन, ते बघायचं.

मोठा फ्यूज का नाही

दहाच्या लाल फ्यूजच्या जागी वीसचा पिवळा किंवा तीसचा हिरवा घालून 'आता नाही उडणार' असं सांगणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही आहेत. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. पार्किंगच्या वायरी बारीक असतात. फ्यूज उडाला नाही तर त्या तापतात, आणि त्या एकट्या नसतात; पंधरा-वीस वायरींच्या जुडग्यात त्या टेपने बांधलेल्या असतात. एक वितळली की शेजारच्या चार वितळतात. मग एका दिव्याचा प्रश्न राहत नाही, अख्खं वायरिंग बदलायला लागतं, आणि गाडी पेटण्याची शक्यता राहते ती वेगळीच.

हिशेब करूनच बघा. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचे दोन असे पाच वॅटचे सहा बल्ब धरले तर ३० वॅट. १२ व्होल्टला भागा: अडीच अँपिअर. डॅशबोर्डचा उजेड धरून तीन-साडेतीन म्हणा. म्हणजे दहाच्या फ्यूजला तसंही दुपटीहून जास्त मोकळं अंतर आहे. एवढं असूनही तो उडतोय तर त्याचं ऐका.

बल्बची तयारी

२१ वॅटचा, एका फिलामेंटचा इंडिकेटरचा बल्ब आणि त्याचा होल्डर घ्या. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीचे अर्ध्या मीटरचे दोन तुकडे होल्डरला जोडा. दुसऱ्या टोकांसाठी जळालेला फ्यूजच वापरायचा: वरचं प्लास्टिक पकडीने फोडा, आतली जळकी पट्टी पूर्ण कापून टाका आणि दोन्ही पात्यांना एकेक वायर सोल्डर करा. झाला तुमचा प्लग. तो फ्यूजच्या खाचेत जसाच्या तसा बसतो आणि हाताने वायर धरून ठेवावी लागत नाही.

आता शॉर्ट असेल तर सगळे १२ व्होल्ट या बल्बवर येतात, तो लख्ख पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. वायर गरम होत नाही, फ्यूज उडत नाही, आणि शॉर्ट सुटला की बल्ब त्याच क्षणी विझतो. एवढं साधं यंत्र आहे. बल्ब मात्र चांगला तापतो. सीटवर किंवा पायातल्या कार्पेटवर टाकून मागे निघून जाऊ नका; आरशाला किंवा स्टिअरिंगला टांगून ठेवा.

प्लग लावण्याआधी सर्किटमधले सगळे बल्ब काढा. पुढचे, मागचे, नंबरप्लेटचे, सगळे. ते जागेवर राहिले तर शॉर्ट नसतानाही तुमचा बल्ब अर्धवट पेटतो आणि मग ते पेटणं कशाचं, यावर वाद घालत बसावं लागतं. डॅशबोर्डचे छोटे दिवे राहिले तरी चालतं. त्यांनी फार तर वात किंचित लालसर होईल.

मल्टिमीटर असेल तर तोही कामाचा आहे, पण दोन टोकं जोडलेली आहेत हे सांगणारी त्याची 'पी' फसवी असते. थंड बल्बचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की मीटर त्याला सरळ जोडणी समजून वाजतो. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ७ ओहमचा असतो. थंड असताना त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे बल्ब न काढता पी ऐकून 'शॉर्ट सापडला' म्हणणाऱ्याला खरं तर बल्ब सापडलेला असतो. मीटरने मोजायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फ्यूज काढा, बल्ब काढा, पार्किंगचा स्विच लावा, आणि फ्यूजच्या खाचेतली लोडकडची, म्हणजे दिव्यांकडे जाणारी, पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये ओहम बघा. एकाच्या खाली आकडा आला तर शॉर्ट आहे. दोन पट्ट्यांतली लोडकडची कोणती, ते निगेटिव्ह काढण्याआधीच बघून ठेवा: स्विच बंद असताना जिच्यावर १२ व्होल्ट येतात ती बॅटरीची बाजू, दुसरी लोडची. दोन्हीकडे शून्य आलं तर त्या फ्यूजला करंट स्विचमधून किंवा रिलेमधून (थोड्या करंटने चालणाऱ्या स्विचमधून) येतो. स्विच लावून पुन्हा बघा.

बॅटरीला हात लावताना हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी लावायची. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि दहाचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं.

शोध

प्लग लावला, स्विच फिरवला, बल्ब लख्ख पेटला. आता गाडीतल्या जोडण्या एकेक करून सोडायच्या. जोडणी सोडल्यावर बल्ब विझला तर शॉर्ट त्या जोडणीच्या पुढे आहे. पेटलेलाच राहिला तर अलीकडे, किंवा दुसऱ्या फाट्यावर. पुस्तकी पद्धत म्हणजे वायरीच्या बरोबर मध्यावर तोडायचं आणि निम्मी गाडी बाद करायची. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात मधली जोडणी दाराच्या उंबऱ्याखालच्या पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या पोटात असते आणि तिथे पोचायला तासभर ट्रिम काढावी लागते. त्यापेक्षा जिथे हात सहज पोचतो आणि जिथे बिघाड होण्याची शक्यताही जास्त, तिथून सुरुवात करावी. दोन्ही टेल लॅम्प दोन-दोन स्क्रूवर असतात. ते बाहेर ओढा, मागचे सॉकेट काढा. मग नंबरप्लेटचा दिवा. मग बोनेट उघडून पुढच्या पार्किंगचे सॉकेट. यातच बहुतेक शॉर्ट सापडतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या दहा-बारा वर्षं जुन्या हॅचबॅकचं बघा. फ्यूज आधी आठवड्यातून एकदा जायचा, मग रोज. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने पिवळा फ्यूज घालून दिला होता, तोही गेला. प्लग लावला तर बल्ब लख्ख. दोन्ही टेल लॅम्पचे सॉकेट काढले, तरी पेटलेलाच. नंबरप्लेटचा दिवा बघायला डिकी उघडली, तर समोर स्टिअरिंगला टांगलेला बल्ब विझला. डिकी खाली घेतली, पेटला. वर केली, विझला. याच्यापुढे शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डिकीच्या बिजागरीजवळ बॉडीतून दारात जाणारी एक काळी रबरी नळी असते, पन्हाळीसारख्या वळ्या असलेली. तिचं बॉडीकडचं टोक अंगठ्याने दाबून ओढलं की निघतं. आत आठ-नऊ वायरी होत्या. बाहेरून नळी ठणठणीत, पण ती जिथे रोज दुमडते बरोबर तिथे आतल्या वायरींचं प्लास्टिक गोल चिरलेलं, जणू कोणी ब्लेड फिरवलंय. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तर पूर्ण तुटलेली. तिचं बॅटरीकडचं टोक दाढीच्या केसांसारखं पिंजून मोकळं झालेलं, तांबं काळपट-हिरवं पडलेलं. शेजारची काळी अर्थची वायरही त्याच जागी सोललेली. डिकी बंद केली की ते पिंजलेलं टोक अर्थच्या तांब्याला चिकटायचं. म्हणजे शॉर्ट बॉडीच्या पत्र्याला नव्हताच, वायरीचा वायरीला होता. पत्रा तपासत बसलो असतो तर दिवस गेला असता.

"अहो, नंबरप्लेटचा दिवा तर दिवाळीपासूनच लागत नव्हता," काका म्हणाले. "तो कोण बघतो?"

खरं आहे, तो कोणी बघत नाही. पण फ्यूज उडायला लागण्याच्या थोडं आधी एखादा दिवा, मागच्या काचेचा वायपर, डिफॉगर किंवा डिकीचं लॉक बंद पडलं असेल तर ती वायर तुटायला लागल्याची खूण असते. फ्यूज उडणाऱ्या गाडीच्या मालकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: याच्या आधी काय बंद पडलं होतं?

हीच रबरी नळी चारही दारांच्या बिजागरीजवळ असते. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं, म्हणून आधी तेच. पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज उडत असेल तर इथूनच सुरुवात करा.

सापडत नसेल, आणि पत्रकारासारखे प्रश्न विचारूनही मालकाला काही आठवत नसेल, तर 'बाहेरून काय बसवलंय' ते बघा. माझ्या मते, दारांच्या आणि डिकीच्या नळ्या सोडल्या तर, कारखान्यातून आलेलं वायरिंग स्वतःहून फार क्वचित शॉर्ट होतं. त्याला कोणीतरी हात लावलेला असतो. म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, पायाशी निळा उजेड पाडणाऱ्या पट्ट्या, मागचा गार्ड, सीट कव्हर. फॉग लॅम्पची वायर इंजिनाकडून केबिनमध्ये घेताना पत्र्याला भोक पाडलं आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवलंच नाही, की पत्र्याची धार दोन-तीन वर्षांत वायर कापतेच. नंबरप्लेटची फ्रेम किंवा मडफ्लॅप बसवताना लांब स्क्रू घातला तर तो मागच्या जुडग्यात घुसतो. सीटखालून गेलेली वायर सीट पुढेमागे सरकताना रुळात चेमटते. ज्या जागी वायर न कापता वरून सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोड दिलाय, ती प्रत्येक जागा संशयित. आपल्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळून ती सुटते आणि आतला जोड उघडा पडतो.

मग उंदीर. पावसाळ्यात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्यांना बंगल्यासारखं वाटतं. बोनेटच्या आतल्या फोमचे तुकडे, लेंड्या, शेंगांची टरफलं दिसली तर टॉर्च घेऊन प्रत्येक जुडगं हाताने चाचपा. उंदीर एक वायर खाऊन थांबत नाही. तो शेजारशेजारच्या तीन-चार वायरी सोलतो आणि त्या उघड्या एकमेकींना लागून राहतात. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी हे उपाय करणारे भेटतात. गोळ्यांच्या शेजारीच कुरतडलेली वायर मी पाहिली आहे.

सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडत असेल तर काही खोलू नका. टॉर्च मारा. तळाशी रुपयाचं नाणं असेल. पण ते काढण्याआधी फ्यूज काढा.

येणारा-जाणारा शॉर्ट

सगळ्यात त्रासदायक हाच. प्लग लावला आणि बल्ब पेटलाच नाही, पण फ्यूज घातला की परवा पुन्हा उडतो. अशा वेळी एक माणूस बल्बकडे बघायला बसवायचा आणि दुसऱ्याने वायरी हलवायच्या. दुसरा माणूस नसेल तर बल्बला समांतर रिव्हर्स हॉर्न जोडा, लाल वायर बॅटरीच्या बाजूला. शॉर्ट झाला की बल्बवर १२ व्होल्ट येतात आणि हॉर्न वाजतो. तुम्ही डिकीत डोकं घालून बसलात तरी ऐकू येतो. हॉर्न साधा पी-पी करणारा घ्या. आरती वाजवणारा लावलात तर सोसायटीतले लोक प्रसादाला खाली येतील.

आता दारं उघडा-मिटा, सीट पुढेमागे करा, स्टिअरिंगची उंची बदला, टेल लॅम्पवर मुठीने ठोका, डॅशबोर्डखालचं जुडगं मुठीत धरून हलवा. इंजिन चालू करून रेस द्या, इंजिन हलताना त्याच्याबरोबर ताणल्या जाणाऱ्या वायरी असतात. तरीही काही नाही, तर प्लग तसाच ठेवून आवारातल्या आवारात दिवसा गाडी गतिरोधकावरून न्या. रस्त्यावर नको. मागचे दिवे नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही.

वायर कार्पेटखाली किंवा छताच्या अस्तरात गेली असेल आणि सगळं उचकटायची इच्छा नसेल तर जुन्या इलेक्ट्रिशियनांची एक युक्ती आहे. प्लगच्या बल्बला सिरीजमध्ये इंडिकेटरचा फ्लॅशर (दिवा उघडझाप करवणारा डबा) जोडायचा, म्हणजे शॉर्टमधून करंट थांबून थांबून जातो. मग साधं होकायंत्र वायरीच्या मार्गावरून हळूहळू सरकवायचं. पत्र्यामुळे सुई कुठेही वळलेली असेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. बल्ब लागताना ती दर वेळी हिसका देते का, एवढंच बघायचं. शॉर्टच्या पुढे गेलं की हिसका थांबतो. काकांच्या गाडीत मात्र ही युक्ती चालली नसती. तिथे जाणारा आणि परत येणारा करंट एकाच जुडग्यातून जात होता, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं आणि सुई ढिम्म राहते.

बल्बची युक्ती कुठे चालत नाही

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या दिव्यांना करंट फ्यूजमधून थेट जात नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधून, जातो. शॉर्ट दिसला की तो मॉड्यूलच लाईन बंद करतो, फ्यूज उडतच नाही, आणि डॅशबोर्डवर दिव्याचं चिन्ह येतं. अशा गाडीत दिवा मधूनच जातो आणि किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की येतो. तिथे बल्ब लावून उपयोग नाही; स्कॅनरने कोड वाचून घ्या. जागा मात्र त्याच शोधायच्या: डिकीची नळी, दारांच्या नळ्या, होल्डर, बाहेरून केलेले जोड.

पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावू नका, टेस्ट लॅम्पही नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांतल्या केशरी जाड केबल शेकडो व्होल्टच्या असतात; तिकडे हात न्यायचाच नाही. १२ व्होल्टचं सर्किट तिथेही असतं, पण खोलण्याआधी काय बंद करावं लागतं ते माहीत असल्याशिवाय सुरुवात करू नये.

रात्रीत बॅटरी उतरते

फ्यूज एकही उडत नाही, पण गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. लोक यालाही शॉर्टच म्हणतात. हे वेगळं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. बंद गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांच्यासाठी २० ते ५० मिलिअँपिअर ओढते; तेवढं चालतं. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला महिनाभर पुरतं. डिकीतला पाच वॅटचा दिवा स्विच अडकल्यामुळे चालू राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-अवर जातात आणि तिसऱ्या दिवशी धक्का मारावा लागतो.

गाडी लॉक करून तासभर झोपू द्या. नंतर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेका फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिंबांवर टेकवा. ज्याच्यावर शून्यापेक्षा जास्त काही दिसेल त्यातून करंट जातोय. दहाच्या छोट्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर. फ्यूज उपटायचा नाही. उपटून परत बसवला की झोपलेले मॉड्यूल जागे होतात आणि तासभर पुन्हा थांबावं लागतं.

जोड

शॉर्ट सापडल्यावर वरून टेप गुंडाळून मोकळं होण्याचा मोह होतो. काळवंडलेलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापा. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घ्या; घरातल्या फिटिंगची नको, तिच्या मोजक्या जाड तारा हलवून हलवून तुटतात. श्रिंक स्लीव्ह (तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी) जोड देण्याआधी वायरीत ओवा.

डिकीच्या किंवा दाराच्या नळीत जोड ठेवायचाच नाही. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि दुमडताना बरोबर तिच्या कडेला तुटते. नळीच्या दोन्ही टोकांपलीकडे, बॉडीच्या आत आणि दाराच्या आत जोड द्या आणि मधला सगळा तुकडा नवा घाला, थोडी ढील ठेवून. एक वायर तुटली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या आणि तितक्याच वेळा दुमडलेल्या असतात. काकांच्या गाडीत आम्ही सगळ्याच बदलल्या. एकेक वायर कापून लगेच जोडत गेलं तर अदलाबदल होत नाही. सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, थोडे मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होते आणि नळी परत बसत नाही. वरून कापडी हार्नेस टेप गुंडाळा.

मग बल्बचा प्लग पुन्हा लावून दार वीस-पंचवीस वेळा उघडा-मिटा. बल्ब विझलेलाच राहिला तर सगळे दिवे जागेवर बसवा, मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या खाचेत टाका आणि फ्यूजच्या जागी मीटर लावून करंट मोजा. शॉर्ट गेल्याची खात्री झाल्यावरच हे करायचं, नाहीतर मीटरचा स्वतःचा फ्यूज जातो. पार्किंगला अडीच ते साडेतीन अँपिअरच्या आसपास आकडा यायला हवा. सहा-सात आला तर कोणीतरी या लाईनवर आणखी काहीतरी टांगलेलं आहे. ते शोधून वेगळ्या फ्यूजवर, रिलेमधून घ्या. आकडा बरोबर आला तर दहाचा लाल फ्यूज बसवा, मीटरची वायर आठवणीने व्होल्टच्या खाचेत परत लावा आणि अंधारात गाडीभोवती एक फेरी मारा. नंबरप्लेटसुद्धा बघा.